पाणी वाढलं

२०४४ साली आवळगावात उन्हाळा फाल्गुनातच अंगावर आला, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांची लोकप्रियता आजवर कधी गेली नव्हती इतकी वर गेली. एस.टी. स्टँडसमोर फलक लागला. साहेब हात जोडून हसतायत, मागं निळंशार धरण, आणि खाली हातभर अक्षरं : 'पाणीपुरवठ्यावर ९१ टक्के जनता समाधानी. आम्ही विचारत नाही, आम्ही ऐकतो!'

त्या फलकाच्या सावलीत रिकाम्या घागरींची रांग असायची.

हेमलता बिराजदार पोस्टातून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. फलकावर नजर गेली की तिचं टाळकं फिरायचं. "ऐकतात म्हणे!" ती जावेला म्हणायची. "कान द्यायचा एकीकडं आणि जीव घ्यायचा दुसरीकडं."

तिनं विचारणाऱ्यांचा काळ पाहिला होता. ती नवी नवरी असताना खांद्याला पिशवी अडकवून माणसं दारोदार यायची, सरकार कसं वाटतं म्हणून विचारायची. तिचे सासरे त्यांना पायरीवर बसवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "लिहा, सरकार लई चांगलं. आणि खाली कंसात लिहा, म्हातारा थापाड्या आहे." पुढं माणूस यायचा बंद झाला आणि फोन यायला लागले. मग लोकांनी फोन उचलायचं सोडलं. मतांचे अंदाज इतके चुकायला लागले की टीव्हीवाल्यांनाही लाज वाटू लागली. लोक विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतात, हे तेव्हा शहाण्यांच्या ध्यानात आलं. माणूस खरं कुठं बोलतो? आपल्या घरात, चुलीपाशी.

म्हणून 'जनश्रुती' आली. रेशन आणि गॅस मागवण्यासाठी प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी डबी आधीच बसली होती, तिलाच सरकारनं हे नवं काम दिलं. ती घरातलं बोलणं ऐकायची, पण साठवायची नाही. प्रत्येक वाक्याचे ती फक्त दोन आकडे करायची : बोलणं कशाबद्दल आहे, आणि बोलणारा त्यावर किती खूश आहे. वाक्य लगेच पुसलं जायचं; आकडे, आणि सारख्या जोडीनं येणाऱ्या शब्दांची मोजणी, तेवढी मंत्रालयात जायची. डबीला बोलणं खुशीचं वाटलं की तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. लहान मुलांना त्याची मोठी गंमत वाटायची.

त्या आकड्यांवर धरणाचं पाणी वाटलं जायचं. जिथं नाराजी जास्त, तिथं पाणी आधी. कागदावर याहून न्यायाची गोष्ट नव्हती.

आणि डबीला मराठी शिकवणाऱ्या पुण्यातल्या मंडळींची प्रमुख होती केतकी, हेमलताची एकुलती एक मुलगी. ज्या दिवशी तिची मुलाखत टीव्हीवर आली, त्या दिवशी हेमलतानं गल्लीभर पेढे वाटले होते.

*

भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत तिचा दीर बसवंत आणि जाऊ मालन राहायची. मालनला मूल नव्हतं. केतकी लहानपणी हेमलता पोस्टात असताना मालनच्याच हातचं खाऊन वाढली होती. आता मालनच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि आठवड्यातून तीनदा गावातल्या सरकारी दवाखान्यात मशीनवर तिचं रक्त धुतलं जात होतं.

"अक्का, पाणी वाढलं हो!" त्या सकाळी मालननं पिंप आडवं करून तळाशी तांब्या खरवडत हाक मारली.

"कालच भरलं होतं की!"

"काल कुठलं? तुमचं पोस्टाचं कॅलेंडर, सुट्टीचे दिवस मोजतच नाही ते."

"जीभ धुवायला तेवढं पाणी ठेवलंस वाटतं."

मालन हसली. "मला तर पाणी प्यायचीच बंदी, अक्का. सरकारला माझ्यासारखीच जनता पाहिजे बघा."

भिंतीवरच्या डबीचा दिवा हिरवा लुकलुकला. दोघींचंही तिकडं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं मालनला दारातूनच परत लावलं. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि तेवढं शुद्ध करताना आणखी तितकंच वाया जातं. टाकीत तर बादलीभरही नव्हतं. "जिल्ह्याला जा," सिस्टर म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "तिथं गर्दी आहे, पण जा."

बसवंत वायरमन, मुळातच कमी बोलणारा. तो बायकोचा हात धरून पायरीवर उभा राहिला. हेमलता मात्र तशीच पदर खोचून नगरपरिषदेत शिरली. मागून गल्लीतल्या पाच-सहा बायकाही आल्या.

मुख्याधिकारी तरुण होता, नम्र होता. नम्र माणसावर ओरडताही येत नाही, याचा तिला आणखी संताप आला.

"मावशी, तुमचा प्रभाग पाण्याच्या समाधानात राज्यात तिसरा आहे," त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला. "त्र्याण्णव टक्के. मी कुठल्या तोंडानं वर पाणी मागू?"

"हे बघा तोंड!" कलावतीबाई पुढं झाल्या. सगळ्यांत वयस्कर, सगळ्यांत फटकळ. "महिन्यात एकदा नळ येतोय. त्र्याण्णव टक्के काय तुमच्या बायकोनं दिले का?"

"तुम्हीच दिलेत, आजी. बोलणं मला दिसत नाही, पण कुठले शब्द सारखे शेजारी येतात ते दिसतं." त्यानं बोट ठेवलं. "बघा. 'पाणी' आणि 'वाढलं'. तुमच्या प्रभागात दिवसातून शेकडो वेळा. पाणी वाढलं, पाणी वाढलं. राज्यात इतकं कुणीच म्हणत नाही."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग कलावतीबाईंना हसू फुटलं, असलं कडू हसू की ऑफिसातला शिपाई आत डोकावला.

हेमलताला हसू आलं नाही.

त्या भागात घरातली वस्तू संपत नाही. संपली म्हटलं की खरंच संपते, पुन्हा येत नाही, म्हणून बाई म्हणते वाढली. पीठ वाढलं, मीठ वाढलं, तेल वाढलं. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, वाढवतात. हेमलताचा नवरा गेला तेव्हा बायकांनी दगडावर तिचे हात आपटले, आणि बाहेर येऊन सांगितलं की बांगड्या वाढवल्या. तेव्हापासून हा शब्द तिला घासातल्या खड्यासारखा लागायचा. पण तोंडातून तोच यायचा. आईनं घातलेलं वळण. दुसरा शब्द जिभेला माहीतच नव्हता.

*

पाडव्याला केतकी आली. गुढीला तांब्या पालथा घालून झाला, आणि हेमलतानं तिला समोर बसवलं.

"तुझ्या मशीनला 'वाढलं' म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

"आई, सणाच्या दिवशी मशीन कुठं काढतेस?"

"सांग."

केतकीनं नेहमीप्रमाणं आईला समजेल असं सांगितलं. "तुला पोस्टाच्या भाषेत सांगते. मशीनमध्ये प्रत्येक शब्दाला एक पत्ता असतो. जे शब्द सारखे एकत्र येतात, ते एका गल्लीत राहायला जातात. कोट्यवधी वाक्यं वाचून मशीन हा गाव स्वतःच वसवतं. 'वाढलं' राहतो पगार, नफा, उत्पन्न यांच्या शेजारी. जेवण वाढलं, हे दुसरं घर. तेही आम्ही दाखवलंय."

"आणि तिसरं?"

"तिसरं कुठलं?"

हेमलता उठली. साखरेचा रिकामा डबा आणून तिच्यापुढं आदळला. "पाच वर्षांची होतीस. 'आई, साखर संपली' म्हणालीस, आणि मी तुझ्या थोबाडीत मारली होती. काय म्हणायला लावलं होतं मी तुला?"

केतकीनं डब्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या डबीकडं. वीस वर्षं ती पुण्यात होती. तिथं सगळे संपलं म्हणतात. मशीनला वाचायला दिलेली वाक्यं वर्तमानपत्रांतली, भाषणांतली, शहरातल्या गप्पांतली. त्यांत कुठल्याच स्वयंपाकघरातली बाई नव्हती.

"पण मशीन आवाजही मोजतं," ती पुटपुटली. "राग असला की आवाज चढतो, कापतो. बायका हे वाक्य इतक्या हळू, शांत..."

"अपशकुन होऊ नये म्हणून हळू बोलतो गं आम्ही! तुम्हाला ती खुशी वाटली? तुझ्या काकूचं रक्त अंगात नासतंय, आणि ती खूश आहे म्हणून साहेबांचा फलक लागलाय!"

"मी दुरुस्त करते. परवा गेले की पहिलं हेच."

मालन दारात उभी होती. सुजलेल्या पायांनी ती आत आली, केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीला जेवू तरी द्या, अक्का. मशीन कुठं पळून चाललंय?"

*

केतकी ठरल्या दिवशी गेली. दुरुस्ती झाली नाही.

तिच्या वरिष्ठांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शब्दकोश मागवला. "वाढणे. पहिला अर्थ, वृद्धी होणे," त्यांनी वाचून दाखवलं. "आपण पहिल्या अर्थाचं सरकार आहोत, मॅडम." मग हसणं थांबवून ते म्हणाले की अधिवेशन तोंडावर आहे, आकडा आत्ता हलला तर दोघांचीही नोकरी जाईल. जूनमध्ये बघू.

"थोडे दिवस, आई," केतकी फोनवर म्हणाली.

"कुणाचे थोडे दिवस? त्यांचे की मालनचे?"

हेमलतानं फोन ठेवला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना मालनच्या अंगणात बोलावलं.

"उद्यापासून वाढलं म्हणायचं नाही," तिनं सांगितलं. "संपलं म्हणायचं. डबीसमोर उभं राहून, मोठ्यानं."

बायका तोंडाला पदर लावून अशा मागं सरकल्या, जणू तिनं कुणाच्या कपाळाचं कुंकू मागितलं होतं.

"शिव शिव," एक नवी सून म्हणाली. "भरल्या घरात?"

"घर कुठं भरलंय तुझं? घागर उलटी कर, त्यातून झुरळ पडंल."

"अक्कांना काय, त्यांचं व्हायचं ते होऊन गेलंय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

हेमलता वळली. "हो, होऊन गेलंय. माझं सगळं वाढवून झालंय. आता बोलायला कशाला भिऊ?"

शेवटी कलावतीबाई उठल्या, मालनच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि डबीपुढं तोंड नेऊन ओरडल्या, "संपलं! पाणी संपलं! ऐकलंस का मेल्या?" आणि लगेच दोन्ही गालांत मारून घेऊन देवाचं नाव घेतलं. बायकांना हसू आवरेना. मग एकेक तयार झाली.

फक्त मालन तयार झाली नाही.

"तुझ्यासाठी चाललंय हे सगळं!" हेमलता तिच्यावर कडाडली.

"ठाऊक आहे." मालन पायरीवर बसून होती. पायावर बोट टेकलं की खळगा पडायचा, तो भरेपर्यंत ती बघत राहायची. "तुम्ही म्हणा, अक्का. माझ्या घशातून तो शब्द यायचा नाही. मी मशीनच्या भरवशावर जगायलेय. मी संपलं म्हटलं आणि वरच्यानं ऐकलं तर?"

"वरचा ऐकत नाही, मालन! कुणीच ऐकत नाही!"

"मग कशाला ओरडायलाव?" मालन म्हणाली.

चार दिवस गल्ली ओरडत होती. पाणी संपलं, नळ कोरडा पडला, दवाखाना बंद झाला. पाचव्या दिवशी केतकीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आई, थांबवा ते. मागं एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी डब्यांसमोर घोषणा दिल्या होत्या. तेव्हापासून मशीनला गाळणी लावलीय. एका वस्तीतले लोक अचानक एकसारखं वेगळं बोलायला लागले, की ते पढवलेले आहेत असं समजायचं."

"म्हणजे?"

"डब्या ऐकतायत, पण तुमच्या प्रभागाचे आकडे वर मोजायचं बंद झालंय. शेवटचा विश्वासाचा आकडा कायम ठेवलाय."

"कुठला आकडा?"

"त्र्याण्णव."

*

जिल्ह्याच्या दवाखान्यात तीनऐवजी एकदाच पाळी मिळायची. बसवंत मालनला जीपमध्ये उशांच्या आधारानं बसवून न्यायचा. एकदा ते रस्त्यात असताना पाळी दुसऱ्याला गेली. पुढच्या वेळी मालनला झोपून श्वास घेता येईना. उठून बसवलं तरी घेता येईना. अंगातलं पाणी छातीत भरलं होतं. बाहेर थेंब नव्हता, आणि ती आतल्या पाण्यात बुडाली. वैशाखाच्या ऐन दुपारी, दवाखान्याच्या आवारात, जीपमध्येच ती गेली. हेमलताचा हात तिच्या पाठीवर होता.

केतकी मातीला पोचली नाही. तिसऱ्या दिवशी आली. हेमलतानं तिला घरात घेतलं, पाणी दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. माणसं येत होती, जात होती. आलेल्यांना चहा द्यायचा म्हणून नव्या सुनेनं मालनच्या फळीवरचा डबा काढला, आत बघितलं आणि जुन्या सवयीनं, मेलेल्या माणसाच्या घरात बोलावं तितक्या हळू, म्हणाली, "अक्का, साखर वाढली."

डबीचा दिवा हिरवा लुकलुकला.

केतकी समोरच बसली होती. ती दिव्याकडं बघत राहिली. त्या घरात, त्या दिवशी, मशीनला कुणीतरी खूश सापडलं होतं.

तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. शब्दांची दुरुस्ती करायची किल्ली तिच्याकडं होती, फक्त वरून परवानगी घ्यायची असे. तिनं ती घेतली नाही. मालनच्या चुलीपुढं पाटावर बसून तिनं 'वाढलं'चं तिसरं घर मशीनला दाखवलं. घरातली वस्तू, हळू आवाज आणि वाढलं हे तिन्ही एकत्र आले, की वस्तू संपली असं समजावं.

"झालं," ती म्हणाली.

"महिन्यापूर्वी व्हायचं होतं," हेमलता म्हणाली. लेक आल्यापासून ती तिच्याशी तेवढंच बोलली.

आवळगावचं बोलणं मोजलं जात नव्हतंच. पण बाकी राज्यात बायका होत्या. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णवचे चोपन्न झाले. आठवडा संपायच्या आत अडतीस. राज्यातल्या किती चुलींवर काय काय वाढलं होतं, ते पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. आणि सरकारनं ताबडतोब जाहीर केलं की यंत्रात गंभीर बिघाड झाला असून 'जनश्रुती' स्थगित करण्यात येत आहे. ते यंत्र आयुष्यात एकदाच खरं बोललं, आणि त्याचं तोंड दाबण्यात आलं.

पण टीव्हीवर बोभाटा झाला होता. आवळगावला टँकर आले. दवाखान्यासाठी वेगळी पाइपलाइन आली, नवी टाकी आली, आणि उद्घाटनाला स्वतः मुख्यमंत्री आले. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की ज्या घरातली रुग्ण दगावली त्याच घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातानं नारळ वाढवावा. हेमलता गेली. बसवंतानं जाऊ नका म्हटलं, तरी गेली.

"या अक्का," साहेब वाकून म्हणाले. कॅमेरे सरसावले. "वाढवा नारळ."

"वाढवत नाही," हेमलता माईकपाशी सरकली. "फोडते. माझी जाऊ मालन पाण्यावाचून मेली. वाढली नाही, मेली. तुम्ही मारली. तिच्या घरातलं पाणी संपलं होतं, आणि तुम्ही आमच्या जिभेवरची भीती मोजून त्याला समाधान म्हणालात."

माईक बंद झाला. तिनं नारळ पायरीवर असा आपटला, की त्याची शकलं साहेबांच्या बुटांवर उडाली.

*

मुख्यमंत्री पुढची निवडणूक हरले, पण फार थोड्या मतांनी. त्यानंतरची जिंकले. दवाखान्याच्या डायलिसिस केंद्राला त्यांच्या आईचं नाव आहे. तो नम्र मुख्याधिकारी बढतीवर मंत्रालयात गेला. शब्दकोश वाचणाऱ्या वरिष्ठांनी स्वतःची कंपनी काढली आणि ते यंत्र आणखी दोन राज्यांना त्यांच्या भाषांत विकलं. तिथल्या बायका घरात काय म्हणतात, हे त्यांनी विचारलं की नाही ते ठाऊक नाही.

कलावतीबाई नव्वद पार करून गेल्या, शेवटपर्यंत भांडत. बसवंतानं भिंतीवरची डबी उपसून काढली, तिथं मालनचा फोटो लावला, आणि आता तो हळूहळू त्या फोटोशी का होईना, पण बोलतो. गल्लीतल्या बायका पुन्हा वाढलं म्हणायला लागल्या. हेमलता कुणाला अडवत नाही, पण स्वतः म्हणत नाही.

केतकीची नोकरी गेली. सरकारी यंत्रणेत विनापरवाना फेरफार केल्याचा खटला तिच्यावर आहे, आणि तो अजून चालू आहे. दर तारखेला हेमलता पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जाते, सोबत डबा नेते. दुपारच्या सुट्टीत मायलेकी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातात. उन्हाळ्याबद्दल बोलतात, वकिलाबद्दल बोलतात. मालनचं नाव अजून दोघींपैकी कुणी काढलेलं नाही.